मंगळावर राक्षस, चाळीत आजी

लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, सगळे झोपल्यावर मी दादाच्या जुन्या पीसीवर 'डूम थ्री' खेळायचो. २००४ सालचा हा गेम. सन २१४५, मंगळावरचा तळ आणि मिट्ट काळोख. टॉर्च धरली की बंदूक नाही, बंदूक धरली की उजेड नाही! राक्षस अंगावर आला की मी किंचाळायचो. लगेच अंथरुणातून आजी ओरडायची, "मेल्या, झोप आता!" भीती तिथेच खल्लास.

आता टॉवरमध्ये स्वतंत्र बेडरूम आहे, आजी नाही. २०१२ च्या आवृत्तीत टॉर्च चिलखतालाच जोडलीय. बंदूक आणि उजेड एकदम. तरीही परवा दहाच मिनिटांत गेम बंद केला. तुम्हीही रात्री खेळणार असाल तर बॉस, बेडरूमचं दार तेवढं उघडं ठेवा.