फडाच्या गाड्यांचा चातुर्मास

तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी देण्यासाठी येथे येतात. चैत्र-वैशाखातील यात्रा उरकल्या आणि मृग जवळ आला, की तंबू उतरतो, कलावंत आपापल्या गावी जातात आणि फडाचे ट्रक, बस व जनरेटर दसऱ्यापर्यंत जागेवर उभे राहतात. तंबूच्या फडाचे भांडवल म्हणजे त्याच्या गाड्या. रात्री एका गावात वग संपवून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात रंगमंच उभारायचा असतो. दसऱ्याला सामानाचा ट्रक सुरूच झाला नाही, तर पहिल्या खेळालाच खाडा पडतो.

उभी गाडी खराब होत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पुढच्या वर्षी १३ एप्रिलला पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा निर्बंध आले. यात्रांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. चार महिन्यांच्या विश्रांतीच्या हिशेबाने उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर त्याहून कितीतरी अधिक काळ जागेवर राहण्याची वेळ आली. असा अनुभव गाठीशी असताना गाडी उभी करण्याआधीचे दोन दिवसांचे काम टाळणे परवडणारे नाही.

पहिले काम धुण्याचे. वरून नव्हे, खालून. चासी, पाटे आणि मडगार्डच्या आत साचलेला चिखल पावसाळाभर ओल धरून ठेवतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. गाडी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून पाट्यांना तेल द्यावे. इंजिनमधील ऑइल हंगामानंतर नव्हे, उभे करण्यापूर्वी बदलावे. कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाण्याचा अंश असतो व तो चार महिने बेअरिंगला चिकटून राहतो. नवे ऑइल घातल्यावर इंजिन थोडा वेळ चालवले, की ते सर्वत्र पोचते. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढून फिल्टर चोंदतो.

सर्वाधिक नुकसान होते ते बॅटरीचे. गाडी बंद असली तरी बॅटरी हळूहळू उतरतच असते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्ववत होत नाही. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ च्या खाली जाण्यापूर्वी ती चार्ज करावी. ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या असतात; दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्यात. काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, ही भीती जुन्या काळच्या पेट्यांची; आताच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ती लागू नाही.

दर आठवड्याला गाडी पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची सवय अनेकांना असते. काळजीपोटी केलेला हा उपचार रोगाहून वाईट म्हणावा लागेल. तेवढ्या वेळात इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये पाणी जमते, शिवाय स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरीला परत मिळत नाही. सुरू करायचीच असेल, तर अर्धा तास रस्त्यावर चालवून आणावी. ते शक्य नसेल, तर हात लावू नये. जनरेटरलाही हाच न्याय. तो चालवायचा तर दिव्यांचा भार देऊनच.

टायरचा एकच भाग महिनोन्‌महिने वजन पेलत राहिला, की तेथे चपटेपणा येतो. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलणे उत्तम. नाहीतर हवा किंचित जास्त भरून महिन्याला गाडी थोडी पुढे-मागे करावी. लहान गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये हवा उतरली की बहुधा स्प्रिंगमुळे ब्रेक आपोआप लागतो. म्हणून अशा ट्रकच्या हवेच्या टाकीतील पाणी आधी काढून टाकावे आणि पुढे सुरू करताना दाब पूर्ण भरेपर्यंत तो ओढण्याचा प्रयत्न करू नये.

शेताच्या कडेला उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात. सायलेन्सर व एअर फिल्टरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा आणि त्याची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली तर आतली वाफ बाहेर पडत नाही. खालून वारा खेळता ठेवावा. तंबूचे कापडही ओले घडी केले तर बुरशीने कुजते.

युरोप-अमेरिकेतील बर्फाळ भागांत रस्त्यांवर मीठ पसरले जाते, त्यामुळे तेथील शौकीन आपल्या स्पोर्ट्‌स कार हिवाळाभर अशाच झाकून ठेवतात. आपल्याकडे ही वेळ पावसाळ्यात येते. मुलांकडे परदेशी सहा महिने जाणाऱ्या पुणेकर आजी-आजोबांच्या पार्किंगमधील मोटारीलाही वरील बहुतेक गोष्टी लागू पडतात. फरक इतकाच, की इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल शोषते व जुने होते. ताजे इंधन भरूनच गाडी ठेवावी. गाडी उभी आहे म्हणून विमा बंद करू नये. आग, चोरी आणि पूर उभ्या गाडीलाही गाठतात.

दसऱ्यापूर्वी किमान पंधरा दिवस गाडी बाहेर काढावी. प्रथम बोळे काढावेत, मग ऑइल, कूलंट, पट्टे पाहावेत. टायरच्या बाजूवरील चार आकडी क्रमांकही वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न झिजलेली नक्षी पाहून फसगत होते. बाजूला चिरा असतील, तर तो टायर कलावंतांच्या बसला लावू नये. त्यानंतर रिकामा ट्रक दहा-वीस किलोमीटर फिरवून ब्रेक वारंवार दाबून पाहावेत आणि मगच त्यात सामान भरावे.