उसाच्या मळीपासून इंधन : काम करतो सच्छिद्र दगड!

शिरूरहून पुण्याला जाताना वाघोली लागते. हे गाव दगडखाणींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, क्वचित गर्द निळे स्फटिक सापडले. ते जगभरच्या संग्रहालयांत गेले. यांतील बरेच स्फटिक 'झिओलाइट' जातीचे आहेत. घण घालणारे हात आपल्या कष्टकरी बांधवांचे. पण त्या दगडाची खरी किंमत किती जणांना कळली?

१७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड तापवला. त्यातून पाणी उकळून बाहेर येऊ लागले. म्हणून त्याने नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. या दगडात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात आणि ती सर्व एकाच मापाची असतात. कारखान्यात बनवलेल्या एक ग्रॅम झिओलाइटच्या आतला पृष्ठभाग पसरला, तर चार-पाच गुंठे जागा व्यापेल!

याचा आपल्याशी संबंध काय? शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा ही नावे घरोघरी माहीत आहेत. साखर काढल्यावर मळी उरते आणि मळीपासून अल्कोहोल होते. पण नुसत्या उकळण्याने ते सुमारे ९५ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी निघतच नाही. पेट्रोलमध्ये तर पाणी चालत नाही. तेथे झिओलाइटचे दाणे कामी येतात. पाण्याचा कण लहान, तो छिद्रात शिरतो. अल्कोहोलचा कण मोठा, तो बाहेर राहतो. पिठाच्या चाळणीतून बारीक ते खाली पडते, येथे बारीक ते आत अडकते. पुढे दाण्यांतले पाणी काढून टाकले की तेच दाणे पुन्हा वापरता येतात. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यामागे या छिद्रांचाही वाटा आहे.

झिओलाइटचे दुसरे काम उत्प्रेरकाचे. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोघांना एकत्र आणतो, स्वतः मात्र जसाच्या तसा राहतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात 'एन्सिलाइट' हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. त्यांच्या 'अल्बीन' पद्धतीने अल्कोहोल आणि बेंझीनपासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार होऊ लागला. ज्या ज्ञानासाठी परदेशाकडे पाहावे लागे, ते पाषाण रोडवर तयार झाले.

आता झिओलाइटच्याही पुढची सच्छिद्र द्रव्ये आली आहेत. धातू आणि सेंद्रिय पदार्थ जोडून केलेल्या या जाळीदार द्रव्यांसाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. अशा द्रव्यांनी याघींच्या गटाने वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवले. आपल्या दुष्काळी गावांनी हे नीट ऐकावे. याघी हे पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातले. बालपण अम्मानमध्ये, वीज नसलेल्या एका खोलीत भावंडे आणि गुरे यांच्यासोबत गेले. दहा वर्षांचे असताना शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी रेणूंची चित्रे पाहिली आणि आयुष्याला दिशा मिळाली.

आपली मुले कुरकुंभच्या आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत जातात. पण बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली, पोती आणि पिंपे उचलायला. पिंपात काय आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हे बदलायचे असेल तर दहावीनंतर विज्ञानाची वाट सोडू नका. रसायनशास्त्राची पदविका, बी.एस्सी., पुढे संशोधन, असा हा मार्ग आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अर्ज भरायला मदत लागली, तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी पुढे यावे. आणि पालकहो, मुलगा-मुलगी असा भेद करू नका. दगड आजवर आपण पुष्कळ फोडले. आता त्याच्या आत काय आहे ते आपल्या लेकरांनी वाचावे!