दंड नुसता बारीक नको, बळकटही हवा
— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी लावण, बेणेप्रक्रिया, खोडवा आणि खतांचे हप्ते याविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. श्रावणात एका सभासदाच्या आडसाली उसाची पाहणी करून वस्तीवर चहाला थांबलो होतो. रक्तातली साखर वाढल्यामुळे घरच्या वहिनींना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते, आणि त्यांनी चार महिन्यांत आठ किलो उतरवलेही होते. तक्रार एवढीच की, चेहरा सुकला, पोट आत गेले, पण दंड तसेच लोंबते राहिले. "साहेब, उसाला रोज औषध सांगता, ह्या दंडाला बी काहीतरी सांगा की!"

हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती. दंड उतरावेत म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले होते. बाजारातून आणलेला रबरी पट्टा त्या रोज दंडाला आवळून बांधत होत्या. आणि भरलेली कळशी उचलताना हात थरथरू लागला होता. मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा जाणकार डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले ते येथे देत आहे.

एकाच जागची चरबी उतरते का?

नाही. विहिरीच्या एका कडेने पाणी शेंदले म्हणून त्याच कडेची पातळी खाली जात नाही, सगळ्या विहिरीची जाते. चरबीचेही तसेच आहे. हात हलवला म्हणजे हाताचीच चरबी जळते असे नाही. शरीर अंगभर साठलेली चरबी रक्तात सोडते आणि लागेल तिथे वापरते. अमेरिकेत १९७१ साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही दंड मोजून पाहिले. रॅकेट धरणारा दंड जास्त भरलेला होता, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे सारखीच निघाली. वर्षानुवर्षे एकच हात चालवूनही त्या हाताची चरबी वेगळी उतरली नाही.

मग चेहरा आधी आणि दंड मागाहून का? शेततळ्याचे पाणी आटते तेव्हा उथळ कडा आधी कोरड्या पडतात, खोल भाग शेवटी. कोणाचा खोल भाग कुठे हे बरेचसे आई-बापाकडून येते. बायकांच्या बाबतीत तो पुष्कळदा दंड, कंबर व मांड्या येथे असतो. म्हणून धीर धरावा लागतो. पट्ट्याने जातो तो घाम, म्हणजे पाणी. दोन तांबे पाणी प्यायले की ते वजन परत येते.

उपाशी राहण्यातला तोटा

दंडात चरबीखाली स्नायू असतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मागच्या बाजूचा, म्हणजे जिथे लोंबते तिथलाच. घाईने उपाशी राहून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतो. आतला भराव गेला की कातडी आणखी सैल दिसते आणि ताकदही जाते.

आपल्या लोकांत स्नायू मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचा एक दाखला २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा सारखा, आतला माल वेगळा. आपल्या आज्या जात्यावर दळत, आडाचे पाणी शेंदत. आता गिरणी आली, नळ आला, रानात मोटर व ठिबक आले. कष्ट वाचले हे चांगलेच झाले, पण दंडाचे काम गेले. ते थोडे परत द्यावे लागेल.

काय करावे?

आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून, पुढील तीन प्रकार करावेत.

१. भिंतीवरचे जोर : हातभर अंतरावर उभे राहून तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकावेत. कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी व परत रेटावे. सोपे झाले की भिंतीऐवजी ओट्याच्या कडेवर करावेत.

२. डोक्यामागे बाटली : एक लिटरची भरलेली बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरावी. कोपर कानाजवळ ठेवून बाटली मानेमागे सावकाश खाली न्यावी व वर आणावी. खास मागच्या दंडाचे काम हेच.

३. शेंदणे : एक हात खाटेवर टेकून वाकावे व दुसऱ्या हाताने पाण्याचा कॅन कमरेपर्यंत ओढावा. मग हात बदलावा.

प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विसावा. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. जड जाईनासे झाले की वजन वाढवावे. श्वास रोखू नये. याशिवाय आठवड्यात निदान दीडशे मिनिटे झपाझप चालावे. बांधावरून रमतगमत हिंडणे त्यात धरू नये.

ताटात काय असावे?

साखर कारखान्याचा माणूस साखर कमी खा म्हणतो, याचे नवल वाटेल. पण दोन-दोन चमचे घालून चार कप चहा घेतला, तर चाळीस ग्रॅम साखर चहातच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत हवी, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. सभासदांना सवलतीची साखर मिळते म्हणून ती सगळी आपणच संपवली पाहिजे असे नाही!

फरसाण, तळण व भाताचा दुसरा ढीग कमी करावा, पण डाळ, मटकी, दूध, ताक, अंडी कमी करू नयेत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात आणि शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसच्या आसपास ग्रॅम असतात. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

खबरदारी

साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर जेवण वा व्यायामात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एकच हात सुजला तर तो लठ्ठपणा समजू नये, लगेच दाखवावे. फार वजन उतरल्यावर सैल झालेली कातडी व्यायामाने पूर्ण घट्ट होतेच असे नाही, हेही सांगितलेले बरे.

उसाची जाडी आपण मोजतो, तसा खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्ये टेपने दंड महिन्यातून एकदा मोजावा. रोज मोजून मन खट्टू करू नये.

गळीत सुरू झाल्यावर त्या वस्तीवर पुन्हा गेलो होतो. तीन महिन्यांत टेप अर्धाच इंच सरकली होती. वहिनी म्हणाल्या, "दंड अजून हाय तिथंच हाय जनु. पर कळशी आता एका हातानं उचलती." पट्टा खुंटीला लटकत होता. मी म्हटले, वहिनी, मुळी धरली आहे, आता फुटवा येईल.