हिशेबाची शाळा, लेखांक 6 : फाइल तपासली, आर्टिकल तपासायचा राहिला

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होणाऱ्याचं प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर कशी आली, ते मागच्या लेखांकात पाहिलं. 1 जुलै 2023 पासून सीए इन्स्टिट्यूटची नवी योजना लागू झाली आणि चर्चा रंगली ती विद्यार्थ्यांचीच. रजा किती, स्टायपेंड किती, फायनलच्या अभ्यासाला वेळ कधी मिळणार? काम शिकवणाऱ्यांच्याही हातातलं एक वर्ष गेलं, याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी एखाद्या मुलाचं ऑडिट कच्चं आहे हे दोन वर्षांनी ध्यानात आलं, तरी सुधारायला बारा महिने उरत. आता तोवर प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा फॉर्म 108 भरायची वेळ येते.

आपल्याकडे आर्टिकल, म्हणजे शिकाऊ उमेदवार, ठेवण्याचा अधिकार प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरतो. वर्षं वाढतात तशी ठेवता येणाऱ्या आर्टिकलांची संख्याही ठरावीक मर्यादेपर्यंत वाढते. शिकाऊ माणसाची पारख करता येते का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. शिवाय जरा मोठ्या फर्ममध्ये प्रिन्सिपलची, म्हणजे आर्टिकल ठेवणाऱ्या सीएची, सही असते, पण रोजचं काम पाहतो तो नुकताच पास झालेला मॅनेजर. त्याला ही पारख कोणी शिकवलेली नसते. त्याच्या सीनियरने जे केलं तेच तो करतो : रिव्ह्यू पॉइंट काढतो, आणि टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर अंगावर आली की पॉइंट काढण्याचा खटाटोपही सोडून रात्री बसून सगळं स्वतःच दुरुस्त करतो. फाइल सुधारते. आर्टिकल होता तिथेच राहतो, आणि पुढच्या वर्षी तीच चूक दुसऱ्या क्लायंटकडे करतो.

हाताखालच्यांच्या कामावर देखरेख ठेवा, ते तपासा, असं एसए 220 हे ऑडिटिंग मानक सांगतंच. पण ती तपासणी ऑडिटसाठी असते. हे काम करणारा उद्या एकटा उभा राहील का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये सापडेलच असं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका आर्टिकलने येणेकऱ्यांच्या शिलकीची खातरजमा करायला वीस पत्रं पाठवली. चौदा उत्तरं आली, आकडे जुळले, टिक मार्क झाले. वर्किंग पेपर देखणा आहे. मॅनेजर त्यावर सही करून मोकळा होऊ शकतो. पण आर्टिकलला समोर बसवून त्याने तीन प्रश्न विचारायला हवेत. पत्रं टाकली कोणी? उत्तरं कोणाच्या पत्त्यावर आली? जी सहा आली नाहीत त्यांचं काय केलंस? ‘क्लायंटच्या अकाउंटंटला दिली होती पत्रं, त्यानेच उत्तरं आणून दिली,’ असं तो सहज म्हणाला, तर कागद कितीही नीटनेटका असो, त्याला खातरजमा म्हणजे काय हे कळलेलं नाही. पत्रव्यवहाराचा ताबा ऑडिटरकडेच हवा, हा एसए 505 चा गाभाच त्याच्या हातून निसटला आहे. उलट, ‘उत्तर न आलेल्यांची पुढच्या दोन महिन्यांतली वसुली बँक स्टेटमेंटवरून पाहिली, डिलिव्हरी चलनं काढली,’ असं कोणी न सांगता केलेलं असेल, तर तो मुलगा पुढे गेलेला आहे.

हा बारकावा क्षुल्लक वाटत असेल तर सत्यम कंपनीचा घोटाळा आठवा. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातली सुमारे 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच, हे उघड झालं. अमेरिकी नियामकांनी 2011 मध्ये ऑडिटर संस्थांवर कारवाई करताना ठेवलेला एक मोठा ठपका हाच होता की, बँकांच्या खातरजमेची प्रक्रिया ऑडिट टीमने कंपनीच्याच हाती सोडली होती. हा प्रकार एका सत्यमपुरता नव्हता, असंही त्यांनी म्हटलं. अशा सवयी भागीदार झाल्यावर लागत नाहीत, त्या शिकाऊ काळातच अंगवळणी पडतात.

मग मॅनेजरला शिकवायचं काय? माझ्या मते सर्वांत उपयोगी पाठ साधा आहे. एकच वर्किंग पेपर चार-पाच मॅनेजरांना द्या, प्रत्येकाला स्वतंत्र शेरा लिहू द्या, मग शेरे शेजारी ठेवा. एकाचा ‘उत्तम’ तो दुसऱ्याचा ‘चालेल’ निघतो, आणि भांडण सुरू झालं की प्रत्येक जण काय मोजत होता ते बाहेर येतं. कोणी सुबकपणा मोजतो, कोणी वेग, तर कोणी नुसती हजेरी. काहींचं मत आर्टिकलच्या इंग्रजीवरून बनलेलं असतं. नांदेड-परभणीहून पुण्यात आलेला, मराठी माध्यमातला मुलगा मीटिंगमध्ये गप्प बसतो म्हणून ‘कॉन्फिडन्स कमी’ असा शेरा घेऊन जातो, आणि स्टॉकमधला घोळ नेमका त्यानेच पकडलेला असतो. (क्लायंटशी गोड बोलणाऱ्याला झुकतं माप मिळतं, हे प्रत्येक फर्ममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.)

दुसरा पाठ शेऱ्याच्या भाषेचा. ‘मेहनती आहे, प्रगती समाधानकारक’ यातून काहीच कळत नाही. काय पाहिलं, कोणत्या कामात पाहिलं, किती मदत लागली, एवढं लिहिलं की पुरे. आणि ते त्याच आठवड्यात सांगायला हवं. वर्षअखेरीस ऐकलेली चूक कोणाला आठवतही नाही.

बाहेर याचा विचार आधीपासून झालेला आहे. आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाच्या आयईएस 5 मानकात अनुभव मोजण्याचे दोन मार्ग आहेत : काम केलेला काळ मोजणं किंवा आलेलं कौशल्य मोजणं, आणि दोन्हींची सांगडही चालते. ब्रिटनच्या एसीसीए या लेखापाल संस्थेत अनुभवाचे 36 महिने भरूनही भागत नाही. उमेदवाराने प्रत्येक उद्दिष्ट कसं गाठलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि त्यावर पर्यवेक्षकाने सही करायची. तिथेही सगळी मदार पर्यवेक्षकावरच. त्याने न वाचता सही केली तर पद्धत कितीही चांगली असो, फोलच.

वाचकांत कोणी प्रिन्सिपल असतील तर एप्रिलमधली बँक ऑडिटं उरकल्यावर वरचा प्रयोग करून पाहा. आर्टिकलचं आणि शाखेचं नाव झाकून एक वर्किंग पेपर दोघा मॅनेजरांना द्या. त्यांचे शेरे एकसारखे आले नाहीत, तर आर्टिकलांच्या प्रशिक्षणावर पैसे घालण्याआधी मॅनेजरांच्या प्रशिक्षणावर घाला. पुढचा लेखांक वर्क डायरीवर.