चालत्या बर्फावर एक दिवस

फ्रान्समधल्या शामोनी गावातून लाल रंगाची एक दातेरी रेल्वे निघते आणि वीस मिनिटांत माँतांवेरच्या कड्यावर पोहोचते. जेमतेम पाच किलोमीटरांच्या या मार्गावर ती सुमारे ८७० मीटर चढते. स्थानकाबाहेर पडले की समोर खोल दरी दिसते आणि तिच्या तळाशी मेर द ग्लास, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’. फ्रान्समधली ही सर्वांत मोठी हिमनदी. माँ ब्लाँच्या पर्वतसमूहात उंचावर साठलेल्या हिमातून ती निघते आणि सुमारे १२ किलोमीटर खाली येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथला बर्फ ओळखूसुद्धा येत नाही, कारण खालचा भाग दगडगोट्यांनी आणि करड्या चुऱ्याने झाकलेला आहे. हालचाल तर कुठेच दिसत नाही. तरीही दरीभर पसरलेला हा सगळा साठा अखंड सरकतो आहे. वाटाड्याबरोबर हिमनदीवर एक दिवस घालवायचा तो यासाठी, असे मला मनापासून वाटते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या गतीच्या खुणा बर्फावर उतरल्यावर जागोजागी सापडतात, फक्त त्या दाखवणारा माणूस सोबत हवा.

ही सोबत या दरीत पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे. त्याआधी मात्र इथे हिमनदी म्हणजे संकट होते. सतराव्या शतकातल्या थंडीत बर्फ खाली सरकत सरकत वस्तीच्या तोंडाशी आला, शेते आणि घरे गिळू लागला. १६४४ मध्ये गावकऱ्यांनी बिशपला बोलावले, मिरवणुकीने बर्फाच्या काठाशी जाऊन प्रार्थना केली. पुढे शंभरएक वर्षांनी, १७४१ च्या जूनमध्ये, विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज जिनिव्हाहून या दरीत आले. त्यांना बर्फ जवळून पाहायचा होता. स्फटिक शोधणारे आणि रानबकऱ्यांची शिकार करणारे स्थानिक लोक या कड्याकपारींत वावरत असत. त्यांना बरोबर घेऊन हे पाहुणे माँतांवेरला चढले आणि खाली बर्फावर उतरले. वाऱ्याने खवळलेले सरोवर एकाएकी गोठावे तसे हे दृश्य आहे, असे वर्णन विंडहॅमने केले. त्याचा वृत्तांत १७४४ मध्ये छापला गेला आणि युरोपभरातून लोक येऊ लागले.

१७६० मध्ये आलेल्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर या तरुण जिनिव्हाकराने माँ ब्लाँच्या शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल गाब्रिएल पाकार शिखरावर पोहोचले. माँतांवेरला १७९५ मध्ये प्रवाशांसाठी दगडी निवारा बांधला गेला, तो अजून उभा आहे. मेरी शेलीने १८१६ च्या उन्हाळ्यात ही हिमनदी पाहिली. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये शास्त्रज्ञाची आणि त्याने घडवलेल्या जिवाची समोरासमोर गाठ पडते ती याच बर्फावर.

वाटाड्यांचा संघ मात्र एका अपघातातून उभा राहिला. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. जोसेफ हॅमेल यांच्या तुकडीबरोबर माँ ब्लाँ चढताना उतारावरचे हिम घसरले आणि शामोनीचे तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ऑग्युस्त तेराझ ही त्यांची नावे. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांची कंपनी स्थापन झाली. जगातली ही सर्वांत जुनी. अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी निधी आणि सर्वांना पाळीपाळीने काम, हे तिचे पाये होते. आज फ्रान्समध्ये पर्वतीय वाटाडे होण्यासाठी शामोनीच्याच राष्ट्रीय संस्थेत कित्येक वर्षांचे कठोर प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पर्यटकाने दिलेले पैसे या शिक्षणाचे आणि अनुभवाचे असतात, नुसत्या रस्ता दाखवण्याचे नव्हेत.

दिवसाची सुरुवात शिड्यांवर होते. माँतांवेरच्या खडकात लोखंडी शिड्या आणि पायऱ्या ठोकल्या आहेत. हेल्मेट घालून, कमरेचा हार्नेस सुरक्षादोराला अडकवत अडकवत बर्फापर्यंत उतरायचे. तिथे बुटांखाली क्रॅम्पॉन बांधायचे. लोखंडी दातांचा हा साचा फार जुना, पण इंग्लंडचा गिर्यारोहक ऑस्कर एकेन्स्टाइन याने १९०८ च्या सुमारास त्याला आजच्या जवळचे रूप दिले. बर्फावर चालणे पुन्हा शिकावे लागते. खडकावर आपण टाचेवर किंवा चवड्यावर भार टाकतो. इथे पाऊल सपाट ठेवायचे, म्हणजे सगळे दात एकदम रुततात. दोन्ही पायांत अंतर राखायचे, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. उतारावर गुडघे वाकवायचे आणि मागे रेलण्याचा मोह टाळायचा. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर उतरायला शिकलेल्या ट्रेकरला ही शेवटची सूचना ओळखीची वाटेल.

दोर कधी बांधायचा, हा वाटाड्याच्या पारखीचा भाग. उन्हाळ्यात खालच्या टप्प्यात हिमाचा थर वितळून नुसता बर्फ उघडा पडतो. तिथे भेगा स्पष्ट दिसतात, त्यांना वळसा घालता येतो. वरच्या भागात भेगांवर ताज्या हिमाचे पूल तयार होतात. वरून सपाट मैदान आणि खाली पोकळी. अशा जागी एकट्याने जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे सगळ्यांना एका दोरात बांधून, दोघांमध्ये ठरावीक अंतर ठेवून, दोर ढिला पडू न देता चालतात. सकाळच्या गारठ्यात घट्ट असलेला पूल दुपारच्या उन्हात पिचतो, म्हणून निघण्याची वेळसुद्धा वाटाड्याच ठरवतो आणि ती पाळावीच.

आता हा बर्फ सरकतो कसा ते पाहू. ताज्या हिमात बरीचशी हवाच असते. वर्षामागून वर्ष नवे थर बसत जातात, खालचे दबतात, त्याचे आधी कणीदार हिम आणि मग हवेचे बुडबुडे कोंडलेला घट्ट बर्फ होतो. असा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्या भाराने त्याचे स्फटिक एकमेकांवरून सरकू लागतात. उतारावर ओतलेली थंड काकवी जशी हळूहळू पसरते, तसा तो वाहतो. वरचा थर मात्र ठिसूळच राहतो. खालचा भाग वाहताना वरच्याला ताणतो आणि तो तडकतो. त्याच भेगा. तळाशी दाब वाढल्यामुळे भेगा बहुधा तीस-चाळीस मीटरांखाली टिकत नाहीत. काठावर वाकून आत पाहिले की गर्द निळा रंग दिसतो. बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, आणि बर्फ जितका जाड व बुडबुडेविरहित तितका निळा गहिरा.

बर्फ वाहतो हे आधीच ठाऊक होते, पण तो रोज किती वाहतो हे स्कॉटलंडच्या जेम्स फोर्ब्सने १८४२ मध्ये याच हिमनदीवर मोजले. त्याने कड्यावर थिओडोलाइट लावला, बर्फावर खुणा केल्या आणि त्यांचे कोन टिपत राहिला. एका दिवसात बर्फ सुमारे ४० सेंटीमीटर पुढे गेला. रात्रीही थांबला नाही. मध्यभागी वेग जास्त, काठाशी कमी, अगदी नदीच्या पाण्यासारखाच. त्याच्या हाती एक पुरावाही होता. सोस्यूरच्या मोहिमेने १७८८ मध्ये वर सोडलेल्या शिडीचे तुकडे १८३२ मध्ये काही किलोमीटर खाली सापडले होते.

फोर्ब्सने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि मला ती या हिमनदीतली सर्वांत थक्क करणारी वाटते. वरच्या बाजूला बर्फ एका कड्यावरून कोसळतो, फुटतो आणि खाली पुन्हा जुळतो. उन्हाळ्यात तिथून गेलेल्या बर्फात धूळ बसते, हिवाळ्यात गेलेल्यात पांढरे हिम. त्यामुळे कड्याखाली हिमनदीच्या अंगावर काळसर आणि उजळ असे कमानदार पट्टे आळीपाळीने उमटतात. मधला बर्फ वेगाने जातो म्हणून कमानीचे टोक दरीच्या दिशेने. एक काळसर आणि एक उजळ अशी जोडी म्हणजे बर्फाचे एका वर्षाचे चालणे. हे पट्टे उंचावरून स्वच्छ दिसतात. वाटाड्याने बोट दाखवून समजावले की माणूस नुसत्या नजरेने पट्टे मोजत दहा-वीस वर्षे मागे जाऊ शकतो.

खाली चालताना छोट्या छोट्या गोष्टी भेटतात. मोठ्या शिळेखालचा बर्फ उन्हापासून बचावतो आणि भोवतालचा वितळतो, मग शिळा बर्फाच्या खांबावर टेबलासारखी उभी राहते. काळ्या धुळीच्या टिपक्याखाली उलटे घडते. धूळ ऊन शोषते आणि बर्फात बोटभर खोल, पाण्याने भरलेली नळी तयार होते. वितळलेले पाणी पृष्ठभागावर ओढे करून वाहते आणि एखाद्या उभ्या विवरात गर्जत नाहीसे होते. बर्फाच्या तळाशी त्याच्या वाटा आहेत. फ्रान्सच्या वीज कंपनीने १९७३ पासून खडकात बोगदे खणून हे तळाचे पाणी जलविद्युत केंद्राकडे नेले आहे. बर्फ मागे हटल्याने पाणी उचलण्याची जागा उघडी पडली, तेव्हा ती आणखी वर न्यावी लागली.

हे हटणे पाहायला उपकरण लागत नाही. १९८८ मध्ये माँतांवेरहून बर्फाच्या काठापर्यंत केबलकार बांधली, तेव्हा शेवटच्या थांब्यापासून बर्फ अगदी जवळ होता. नंतर लोखंडी जिना जोडावा लागला, दरवर्षी त्याला पायऱ्या वाढत गेल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. वाटेत खडकावर पाट्या लावल्या: १९८५ मध्ये बर्फ इथे होता, १९९० मध्ये इथे, २००१ मध्ये इथे. उतरणारा माणूस या पाट्यांमधून आपल्याच आयुष्याची वर्षे पायऱ्यांनी मोजत असे. माँतांवेरसमोर बर्फाची जाडी अलीकडे दरवर्षी काही मीटरांनी घटते आहे. १८५० पासून हिमनदीचे टोक दोन किलोमीटरांहून अधिक मागे गेले आहे. पातळ झालेला बर्फ स्वतःला ढकलण्याइतका जड राहत नाही, त्यामुळे वाहण्याचा वेगही मंदावला आहे. पर्यटकांसाठी बर्फात गुहा कोरण्याची इथली परंपरा जुनी. बर्फ सरकतो म्हणून ती दरवर्षी नव्याने कोरावी लागते. २०२४ मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगाला नवी केबलकार सुरू झाली आणि गुहाही तिकडे गेली.

युरोप सहलीला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक हिमनदी पाहतात ती स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउच्या कठड्याआडून. पण शामोनीच्या बर्फाशी मुंबईचे नाते फार दुःखद आणि फार जवळचे आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लाँवर आदळले. ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते, बोटीवर रुजू होण्यासाठी निघालेले. शोधपथकातले शामोनीचे वाटाडे रेने पायो यांनाही या मोहिमेत प्राण गमवावे लागले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ शिखराजवळच आदळले आणि ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमानांचे अवशेष बर्फाने पोटात घेतले. हा बर्फ माँ ब्लाँच्या शामोनीकडच्या उतारावरून बोसाँ हिमनदी होऊन थेट दरीकडे उतरतो.

१८२० मधल्या त्या तीन वाटाड्यांना गाडणारा बर्फही हाच. हिमनदीचा वेग हिशेबात धरून, अपघातानंतर सुमारे चाळीस वर्षांनी ते खाली येतील, असे फोर्ब्सने सांगून ठेवले होते. ऑगस्ट १८६१ मध्ये बोसाँच्या पायथ्याशी त्यांचे अवशेष बाहेर आले. १८२० च्या त्या तुकडीतून वाचलेले एक वाटाडे तेव्हा हयात होते. आपल्या तरुणपणीच्या सोबत्यांच्या वस्तू त्यांनी म्हातारपणी ओळखल्या.

‘कांचनजंगा’च्या वस्तू त्याच वाटेने येत आहेत. २०१२ मध्ये गिर्यारोहकांना तागाची एक पिशवी सापडली. तीवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची राजनैतिक टपाल अशी खूण होती. ती भारतीय वकिलातीकडे सोपवली गेली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांनी भरलेली डबी मिळाली. त्याने ती तशीच पोलिसांच्या हवाली केली. मालकाचे वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये ती रत्ने शामोनी नगरपालिका आणि तो गिर्यारोहक यांच्यात वाटली गेली. २०२० च्या जुलैमध्ये बोसाँच्या कडेला १९६६ च्या भारतीय वृत्तपत्रांची चळत बर्फातून वर आली. ओली, पण वाचता येण्याजोगी. पहिल्या पानावर इंदिरा गांधी देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्याची बातमी होती. वाटाड्यांना यायला ४१ वर्षे लागली, टपालाला ४६, वृत्तपत्रांना ५४. विमानाचे पुष्कळसे भाग अजून वरच्या बर्फात आहेत. बोसाँकडे जाणाऱ्या वाटाड्यांना दर उन्हाळ्यात तारा, पत्र्याचे तुकडे, एखादे चाक दिसत राहते आणि सोबतच्या पाहुण्यांना ते या दोन विमानांची हकिगत सांगतात.