हुमणीच्या रक्तातील झुंज

जयपूरचे दुर्गापुरा येथील संशोधन केंद्र हुमणीवरील अखिल भारतीय प्रकल्पामुळे कीटकशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे. तेथील रेताड जमिनीत भुईमूग फस्त करणारी होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया आणि आपल्या उसातील हुमणी एकाच कुळातल्या. तक्रारही दोन्हीकडे सारखीच: मेटारायझियम टाकले, पण चौथ्या दिवशी उकरून पाहिले तर अळी जिवंतच! या विलंबाचे कारण अळीच्या रक्तात आहे.

कीटकाच्या रक्तात तांबड्या पेशी नसतात. प्राणवायू श्वासनलिकांतून थेट ऊतींपर्यंत पोहोचतो. रक्तपेशींकडे मुख्यतः संरक्षणाचे काम उरते. काही पेशी जंतू गिळतात, काही परक्या वस्तूभोवती आवरण रचतात.

या पेशी कशा घडतात, हे सर्वाधिक उलगडले आहे ते ड्रोसोफिला या चिमुकल्या माशीत. (आंबा-पेरूवरील आपली फळमाशी वेगळी.) तिच्या अळीत हृदयनलिकेला लागून एक लसिका ग्रंथी असते. ग्रंथीच्या गाभ्यात अपरिपक्व पूर्वज पेशी राखून ठेवलेल्या असतात. परिपक्व पेशी कडेला आढळतात. टोकाशी असलेला छोटा पेशीसमूह संदेश पाठवून हा साठा सांभाळतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटाने ‘असृज’ या जनुकाचा अभ्यास केला. हे नाव संस्कृतातील रक्तवाचक शब्दावरून आले. 2011 मधील त्यांच्या शोधनिबंधानुसार हे जनुक नसल्यास पूर्वज पेशी अकाली परिपक्व होतात आणि साठा घटतो. परोपजीवी गांधीलमाशीने अळीत अंडे घातले, की मात्र ग्रंथी स्वतःच साठा खर्ची घालते. मोठ्या, चपट्या पेशी तयार होऊन अंड्याला वेढतात. माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींनाही याच घराण्यातील जनुके वळण लावतात.

हुमणीतही गिळणाऱ्या व वेढणाऱ्या पेशी आहेत. त्वचा भेदून आत शिरलेल्या मेटारायझियमची गाठ प्रथम त्यांच्याशी पडते. बुरशी स्वतःवर एका प्रथिनाचा बुरखा ओढते, त्यामुळे रक्तपेशी तिला ओळखत नाहीत. शिवाय तिची विषद्रव्ये त्यांना दुर्बल करतात. मगच ती रक्तात फोफावते. याला आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात. चौथ्या दिवशी निकाल लावून कीटकनाशकाकडे वळणे म्हणूनच घाईचे ठरते. बुरशी लहान अळ्यांवर आणि ओलाव्याच्या जमिनीत अधिक प्रभावी ठरते. पावसाळ्याच्या आरंभीची वेळ साधावी, ती यासाठी.

हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी मात्र आपल्यासोबत जिवाणू नेतात आणि अळी साधारण दोन दिवसांत मरते. अशी अळी विटकरी लाल दिसते. तो रंग रक्ताचा नव्हे, जिवाणूंच्या रंगद्रव्याचा. मेटारायझियमने मेलेल्या अळीवर आधी पांढरी, नंतर हिरवी भुकटी चढते.