खुकरी नावाच्या दोन युद्धनौका
(इयत्ता ४ थी)

खुकरी म्हणजे गुरखा लोकांचा वाकडा सुरा. हे नाव आपल्या नौदलाने एका युद्धनौकेला ठेवले होते. तिच्या जोडीच्या दोन बोटींची नावे कृपाण आणि कुठार. तिन्ही हत्यारंच! ही पहिली खुकरी इंग्लंडमध्ये बांधली आणि १९५८ साली आपल्या नौदलात आली. पाणबुड्या शोधून त्या बुडवायच्या, हे तिचे काम.

आता पाणबुडी तर पाण्याखाली असते, दिसत नाही. मग शोधायची कशी? तर आवाजाने. विहिरीत वाकून ओरडलं की आपलाच आवाज परत येतो ना, तसंच. बोटीच्या तळाशी सोनार नावाचे यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते. तो आवाज पाणबुडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून ती किती लांब आहे ते कळते. पण पाणबुडीलाही असलंच यंत्र असतं. ज्याचं यंत्र लांबचं ऐकतं, त्याला आधी कळतं.

१९७१ साली ३ डिसेंबरला पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. पाकिस्तानची हंगोर नावाची पाणबुडी दीवच्या बाजूला फिरत होती. तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि कृपाण निघाल्या. कुठार बिघडली होती, म्हणून दोघीच. हंगोरचे यंत्र आपल्या बोटींपेक्षा लांबचे ऐकणारे होते. ९ डिसेंबरच्या रात्री तिने आधी कृपाणवर पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडला. तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांतच बोट बुडाली. दीवपासून ती जागा सुमारे ४० सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. मी गुणाकार केला, ७४ किलोमीटर झाले.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे खुकरीचे प्रमुख होते. वाचलेल्या लोकांनी सांगितले की त्यांनी आपले तरंगायचे जाकीट एका खलाशाला दिले. दुसऱ्यांना उड्या मारायला लावल्या आणि स्वतः बोटीवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, म्हणजे एकूण १९४. आमच्या शाळेचा पट ९६ आहे. त्याची दुप्पट केली तरी दोन माणसे उरतात. ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच कच्छल नावाच्या बोटीने पाण्यातून काढले. तोवर ते समुद्रातच होते, तेही डिसेंबरात!

हंगोरला आपल्या नौदलाने पुढे काही दिवस लई शोधले, पण ती निसटली.

नंतर मुंबईच्या माझगाव गोदीत नवीन बोट बांधली आणि १९८९ साली तिचे नाव परत खुकरीच ठेवले. हे मी घरी वाचून दाखवले तर आजी म्हणाली, "बुडालेल्या बोटीचं नाव परत कशाला रं ठेवायचं? अपशकुन नाही का?" मी म्हटलं, आजी, मग आजोबांचं नाव मला का ठेवलंस? ती हसली. मला वाटतं नाव ठेवलं ते बरंच केलं. नाहीतर ती १९४ माणसं कुणाच्या ध्यानात राहिली असती? नौदलात अशी रीतच आहे. नवीन कृपाण आणि नवीन कुठारही झाल्या. त्यांतली कृपाण २०२३ साली भारताने व्हिएतनाम देशाला देऊन टाकली. पाकिस्ताननेही २०२४ मध्ये नवी हंगोर पाण्यात उतरवली. जुनी हंगोर कराचीच्या संग्रहालयात ठेवली आहे.

नवीन खुकरी ९१ मीटर लांब आहे. आमचे पटांगण टेपने ४५ मीटर भरले, म्हणजे दोन पटांगणे आणि वर एक मीटर. तिने ३२ वर्षे नोकरी केली आणि ती बुडाली नाही, हे मी आजीला मुद्दाम सांगितले. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला ती निवृत्त झाली. पण मोडीत काढली नाही. लोकांना बघता यावी म्हणून २६ जानेवारी २०२२ ला ती दीवच्या प्रशासनाला दिली. दीवला टेकडीवर पहिल्या खुकरीचे स्मारक आधीपासून आहे, तिथे काचेत तिची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. खरी खुकरी अजून समोरच्या समुद्रात तळाला आहे, आणि तिची माणसेही तिथेच आहेत.